जरा उजेड सोडा, दादा

प्रश्न : ताई, माझं वय ५३. एका सरकारी बँकेत २९ वर्षं नोकरी केली आणि गेल्या ३० जूनला स्वेच्छानिवृत्ती घेतली. टार्गेट, बदल्या आणि त्यात वाढलेलं बीपी, म्हणून सोडली. पेन्शन सुरू आहे, जुळे सोलापुरात स्वतःचं घर आहे, कर्ज नाही. मुलगी पुण्यात नोकरीला. पहिले दोन महिने सुट्टीसारखे गेले. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर सगळं झालं. आता पहाटे साडेपाचला उठतो, फिरून येतो, पेपर वाचतो, आंघोळ-पूजा उरकतो आणि घड्याळात बघतो तर सव्वानऊ. पुढं काय करायचं ते कळत नाही. मित्र सगळे कामावर. दुपारी गल्लीत दिसलो की लोक विचारतात, "काय साहेब, सस्पेंड-बिस्पेंड झालात की काय?" हिची चिडचिड वाढलीय. परवा म्हणाली, "तुम्ही बँकेत जात होता तेच बरं होतं." फार लागलं ते. काही काम नसताना दोनदा जुन्या शाखेत जाऊन आलो. दुसऱ्या वेळी काउंटरवरचा नवा मुलगा म्हणाला, "काका, टोकन घ्या." पुतण्याचा युनिफॉर्म शिवायचा कारखाना आहे, बारा लाख घाला, भागीदार व्हा, असं तो म्हणतोय. मुलीसाठी स्थळं बघतोय, बायोडेटात वडिलांपुढे काय लिहावं तेही कळेना. मी चूक केली का? परत कुठं नोकरी धरू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर :

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या टोकनपाशी थांबले. त्या पोराची काही चूक नाही, त्यानं तुम्हाला कधी पाहिलेलंच नाही. पण २९ वर्षं ज्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलात, तिथं बाहेर उभं राहून हे ऐकणं किती जड गेलं असेल, ते समजतं मला. आता तिथं कामाशिवाय जाऊ नका. रागानं म्हणत नाही. प्रत्येक खेपेला थोडं थोडं लागत राहील, म्हणून म्हणते.

चूक केली का, तर नाही. कशासाठी सोडलीत ते तुम्हीच एका ओळीत लिहिलंय आणि ते कारण पुरेसं आहे. आजचा कंटाळा बघून त्या वेळचा निर्णय तपासू नका. नोकरी सोडली ती बरोबरच. सोडल्यावर दिवस कसा लावायचा, ते मात्र तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. बँकेत रुजू होताना सहा महिने शिकाऊ होता ना? तसंच हे समजा.

माझ्या घरातलं सांगते. माझे वडील इथल्या एका गिरणीत जॉबर होते, म्हणजे माग नीट चालू ठेवणारे. मी आठवीत असताना गिरणी बंद पडली, तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. तुम्ही स्वतः अर्ज करून बाहेर पडलात, त्यांना कुणी विचारलंही नाही, हा फरक आहेच. पण घरात जे झालं ते तुमच्या पत्रासारखंच. आमची एकच खोली, दार पूर्वेला. आई दारापाशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा. दिवसाला हजार विड्या व्हायला हव्यात, तर हात थांबून चालायचं नाही. वडील सकाळी उठून, दाढी करून, पांढरा शर्ट घालून दारात खुर्ची टाकून बसायचे. एक दिवस आई मान वर न करता म्हणाली, "जरा उजेड सोडा." त्यांची सावली तिच्या सुपावर पडत होती. वडील खुर्ची उचलून गल्लीच्या टोकाला जाऊन बसले आणि दिवसभर घरात आले नाहीत. आई तेव्हा उजेडाबद्दलच बोलत होती. त्यांनी मात्र ते दुसऱ्या अर्थानं घेतलं.

वहिनींचं वाक्यही मला तसंच वाटतं. तुम्ही बँकेत होता तेव्हा त्यांचा दिवस कसा जायचा, ते तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही साडेनऊला बाहेर पडलात की घर त्यांचं. डबा सकाळीच झालेला, म्हणजे दिवसाचा स्वयंपाकही झालेला. मग दुपारी उरलेली भाकरी, वर शेंगाचटणी, कधी दही, तेही हवं तेव्हा. बहिणीला फोन, थोडी झोप, चारला भिशीच्या बायका. आता तुम्ही घरी असता. अकराला चहा लागतो. एकला गरम भाकरी लागते, म्हणजे दोनदा चूल. त्या पडल्या की तुम्ही टीव्हीचा आवाज कमी करता खरं, पण आवाज कमी केलाय हेही त्यांना कळतंच. चिडचिड तुमच्यावर नाही हो. हातातली दुपार गेली, त्याची ती आहे.

मी शाळेत शिकवायचे आणि मीही मुदतीआधीच बाहेर पडले, ५१व्या वर्षी. आमच्याकडे २० वर्षांची पेन्शनपात्र सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन अर्ज करता येतो. मला कुणीही विचारलं नाही, सस्पेंड झालात का म्हणून. सगळे म्हणाले, "बरं झालं, आता घराकडे बघता येईल." आणि घरानं माझा दिवस सहा महिन्यांत गिळून टाकला. तुमची अडचण अगदी उलटी आहे, घराला तुमची सवयच नाही. म्हणून सुरुवात घरापासून करा, पण मदत करायला जाऊ नका. "मी काय मदत करू?" हे विचारणं म्हणजे वहिनींना आणखी एक काम देणं. डबे कुठं, डाळ किती, गॅस बारीक कधी, हे सांगता सांगता त्यांचा स्वयंपाक होऊन जातो.

त्यापेक्षा एक आख्खं काम त्यांच्याकडून काढून घ्या. मी म्हणेन, पाणी घ्या. आपल्या गावात नळ काही दिवसांआड येतो, कधी पहाटे, कधी रात्री अकराला. गेली कित्येक वर्षं ती पाळी वहिनींनीच सांभाळली असणार. ती जागरणं तुमच्या हिशेबात कधी आलीच नसतील, कारण तुम्ही उठायच्या आत हौद भरलेला असायचा. आता तुम्ही धरा. कॅलेंडरवर पाळीची खूण करा, शेजारच्या गल्लीत आलं का ते फोनवर विचारून ठेवा. उशाशी टॉर्च ठेवा. नळाला पाण्याआधी हवा येते, आधी सूं सूं आणि मग दोन-तीन ठसके. तो आवाज झोपेत ओळखता यायला लागला की समजा, जमलं. पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं, मग पिण्याचं भरायचं, मग हौद. आणि त्या रात्री वहिनींना उठवायचं नाही. काही चुकलं तरी उठवायचं नाही. एखाद्या वेळी हौद अर्धाच भरेल, भरू दे.

दुसरं म्हणजे डबा परत सुरू करा. हसू नका. वहिनींना सांगा, सकाळी पूर्वीसारखा डबा भरत जा. पोळी-भाजी नाही तर कडक भाकरी, काही चालेल. घरी असलात तरी तोच डबा उघडून खायचा. दुसरी चूल बंद झाली की त्यांची दुपार अर्धी परत मिळते. आणि जे दिवस बाहेर जाल त्या दिवशी डबा बरोबर.

बाहेर म्हणजे कुठं, तिकडं येते. त्याआधी वडिलांचं पुढचं सांगायचं राहिलं.

आठ-नऊ महिने ते असेच होते. आमच्या गल्लीत एक तेलुगू मागवाले होते, त्यांचे सहा यंत्रमाग, चादरीचे. एका सकाळी वडील कारखान्याच्या खिडकीखालून जात होते आणि थबकले. दोन मिनिटं नुसतं ऐकत उभे राहिले. मग आत जाऊन म्हणाले, "चौथ्या मागाचा धोटा पेटीत नीट बसंना. ताणा तोडणार तो." मालक म्हणाला, काल रात्रीपासून तुटतोच आहे. वडिलांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. तासाभरानं हात काळे करून घरी आले आणि आईला म्हणाले, "साबण दे." बास, एवढंच. पण आवाज वेगळा होता, मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. पैसे बरेच दिवस ठरलेच नव्हते, चहा मिळायचा. मग एकदा ताप आला म्हणून ते पडून राहिले, तर नऊ वाजता कारखान्यातलं पोरगं दारात हजर : "काका, येताय न्हवं? मालकांनी बघून ये म्हटलंय." तापातही वडील उठून बसले. आईला म्हणाले, "बघ, मला न्यायला आलाय."

दादा, मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच. वेळ घालवायला तुम्हाला हजार गोष्टी सांगतील लोक. बागकाम करा, पेटी शिका, योगा लावा. सगळं चांगलंच आहे. पण त्यात तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं काही अडत नाही. बँकेत दहा वाजता तुमची खुर्ची रिकामी दिसली तर कुणीतरी विचारायचं, साहेब आले नाहीत का. ते विचारणं गेलंय. आठवड्यातून दोनच दिवस का होईना, ते परत मिळवायचंय. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत तुम्ही नंदीध्वज पाहिलेत. सात ध्वज, उंच, जड. ते पेलणारी माणसं महिनाभर आधीपासून रात्री सराव करतात, आणि चालताना शेजारी दुसरा तयार असतो, ध्वज कधी आपल्याकडे घ्यायचा याकडे डोळे लावून. तसा एक खांदा तुमचा पाहिजे कुठंतरी.

कुठं ते तुमच्या २९ वर्षांनीच ठरवलंय. आपल्या गावात विडी वळून, माग चालवून म्हाताऱ्या झालेल्या बायका-माणसांची गणती नाही. त्यातल्या कितीतरींना प्रॉव्हिडंट फंडाकडून पेन्शन येते. किमान हजार रुपये, २०१४ पासून तेवढेच. रक्कम लहान, पण महिन्याची गोळ्या-औषधं त्यातच असतात. त्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकारी पेन्शनवाल्यांसाठी तो नोव्हेंबरात असतो, यांना मात्र वर्षभरात कधीही देता येतो आणि दिलेल्या तारखेपासून वर्षभर चालतो. हे त्यातल्या अनेकींना माहीतच नसतं, म्हणून नोव्हेंबरच्या गर्दीत त्या रांगेत उभ्या राहतात. आणि मशीनवर अंगठा ठेवला की उमटत नाही. माझ्या आईचा उमटायचा नाही. चाळीस वर्षं पान चोळून तिची बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. तिला दोनदा परत पाठवलं. कुठून ते नाव नको, तिथल्या माणसालाही दुसरा मार्ग ठाऊक नव्हता.

आता मार्ग आहे. २०२२पासून हा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो. अंगठा लागत नाही. आधार, पेन्शनचा पीपीओ नंबर, खातं आणि बरा उजेड, एवढं हवं. उजेड कमी असला की चेहरा धरत नाही, म्हणून माणसाला दाराकडं तोंड करून बसवायचं. तुम्हाला हे दहा मिनिटांत येईल. त्यांना ते स्वतःहून येणार नाही, आणि त्यांच्या नातवंडांना सवड नाही.

असं दुसरंही बरंच आहे. नवरा वारला, खात्यावर वारस लावलेला नाही. पासबुक सापडलं, पण खातं दहा वर्षं बंद, म्हणजे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेले. ते 'उद्गम' पोर्टलवर शोधता येतात आणि आपल्याच बँकेत अर्ज करून परत मिळतात, हे सामान्य माणसाला कुठं ठाऊक असणार? केवायसी राहिली म्हणून खातं गोठलंय आणि त्यातच लाडक्या नातीच्या फीचे पैसे अडकलेत. तुमच्यासाठी ही रोजची कामं होती. काउंटरवर मागं वीसजण उभे असताना तुम्हाला एकेकीला पाच मिनिटं देता यायची नाहीत, आणि ती सल तुमच्याही मनात असणार. आता पाच काय, पन्नास मिनिटं द्या.

जागा साधी बघा. एखाद्या पेठेतलं समाजमंदिर, गणपती मंडळाची खोली, ओळखीच्या दवाखान्याचा ओटा. दोन वार ठरवा आणि दारावर पाटी लावा : वार, वेळ. पाटी महत्त्वाची आहे, कारण मग तुम्हाला दांडी मारता येत नाही. ओटीपी कुणाचा विचारून घ्यायचा नाही, ज्याचा त्यानंच टाकायचा. कुणाचं पासबुक घरी आणायचं नाही. पैसे हाताळायचे नाहीत, आणि चहाशिवाय काही घ्यायचं नाही. हे तुम्हाला सांगायला नको, पण घरच्यांनी आग्रह केला तरी मोडू नका.

आठवड्यातले दोन वार झाले. बाकीच्या दिवसांचं फार आखत बसू नका. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसत जा, घरी पेपर अर्ध्या तासात संपतो तो तिथं दोन तास पुरतो, आणि वहिनींना तेवढाच उजेड. मार्च आलाय. आपल्याकडे उन्हाळ्यात बारा ते पाच बाहेर पडायची सोय नसते, तेव्हा सगळं सकाळी उरका आणि दुपारी खुशाल झोपा. अपराध्यासारखं झोपू नका. आपल्या उन्हात दुपारी पडणं हा शहाणपणा आहे, आमचे आजोबाही पडायचे.

परत नोकरी धरू का, म्हणता. एक वर्ष पुरं होईपर्यंत नाही. आत्ता धराल ती सव्वानऊच्या भीतीनं धराल, आणि बीपी तर तुमच्याबरोबरच येणार. वर्षानंतरही वाटलं तर जरूर करा, फक्त निवृत्तीनंतरच्या नोकरीबद्दल तुमच्या सेवानियमांत काय बंधन आहे ते आधी वाचून घ्या.

पुतण्याला पैसे देऊ नका. युनिफॉर्मचा धंदा वाईट नाही, सोलापूरचं त्यात नाव आहे. पण तो हंगामी धंदा, शाळा उघडायच्या आधी पैसा अडकतो आणि वसुली लांबते. कर्ज मागायला आलेल्या अशा किती कारखान्यांचे ताळेबंद तुम्ही तपासलेत? मग याचाही तपासा. त्याला म्हणा, "बारा लाख नाहीत, पण जूनपर्यंत आठवड्यातून एक दिवस येऊन तुझे हिशेब बघतो." त्याला पुतण्या म्हणून तुमचं प्रेम हवं असेल तर तो आनंदानं हो म्हणेल. टाळाटाळ केली, तर तुम्हाला उत्तर मिळालं. निवृत्तीचे पैसे आले की ते सगळ्या गावाला कळतं. प्लॉटवाले येतील, पतसंस्थेत जादा व्याज देतो म्हणणारे येतील. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. हे तुम्ही इतरांना सांगत आलात, आता स्वतःला सांगा. आणि दोघांचा आरोग्यविमा नसेल तर याच महिन्यात काढा, बीपी लपवू नका. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. ती तीन वर्षं ५३ला सुरू झालेली बरी.

बायोडेटात सरळ लिहा : वडील, निवृत्त बँक अधिकारी. त्यावर कुणी 'एवढ्या लवकर?' म्हणून भुवया उंचावल्या तर तुमची पेन्शन चालू आहे आणि कर्ज नाही, हे ऐकून त्या खाली येतील. नाही आल्या, तर त्या घरात पोर द्यायची घाई नको.

गल्लीतल्यांचं मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडे ५३ हे मधलंच वय. वहिनींना एसटीत अर्धं तिकीट, ७५ च्या आजोबांना फुकट, तुम्हाला मात्र पूर्ण. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बसावं तर तुम्ही पोरगे, आणि पोरांना तुम्ही काका. माणसाला कुठल्या खणात ठेवायचं ते लोकांना कळत नाही, म्हणून विचारतात. एकच वाक्य तयार ठेवा आणि दर वेळी तेच बोला : "२९ वर्षं केली, पेन्शन घेतली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पेठेत बसतो, काही काम असलं तर या." पुढच्या खेपेला तोच माणूस आईचं पासबुक घेऊन येईल बघा.

आणि एक करा. वहिनींना आज विचारा, मी बँकेत असताना दुपारी दोन वाजता तू काय करायचीस? लगेच उत्तर नाही मिळणार, "काही नाही" म्हणतील. चार दिवसांनी परत विचारा, पाण्याच्या पाळीनंतरच्या सकाळी, झोप झालेली असताना. त्या काय म्हणाल्या ते मला कळवा. मी वाट बघते.

– तुमची ताई